सील बदलण्याआधी पंप कुठे चालतोय ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कूलिंग टॉवरचं पाणी फिरवणारा एंड-सक्शन पंप, नेमप्लेटवर ताशी ३०० घनमीटर, ६० मीटर हेड (पंप पाण्याला किती उंचीइतका जोर देतो ते), मिनिटाला १४८० फेरे, मोटर ७५ किलोवॉटची. मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग, दर तीन-चार महिन्यांनी गळतो. तीन वेगवेगळ्या बनावटींचे सील लावून झाले. बेअरिंगही वर्षातून दोनदा बदलावी लागतात. प्रक्रियेला ताशी १८० घनमीटरच पाणी लागतं, म्हणून डिस्चार्जचा, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या बाजूचा, व्हॉल्व्ह कायम दाबून, अर्धवट बंद ठेवलेला असतो. आता वरून सूचना आली आहे की व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि आयई-४ (जास्त कार्यक्षम वर्गाची) मोटर बसवून वीज वाचवा. तुम्ही विचारता, आधी काय करू?

आधी सील आणि मोटर दोन्ही विसरा आणि पंपाचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या फ्लोला किती हेड मिळतं त्याचा आलेख, शोधून काढा. तीस वर्षं फिरत्या यंत्रांच्या देखभालीत गेली, त्यावरून सांगतो: सीलचं दुखणं आणि विजेचं दुखणं तुमच्याकडे एकाच जागी आहे. तो पंप ज्या कामासाठी घडवला, ते काम त्याला कुणी देतच नाहीये.

प्रत्येक सेंट्रिफ्युगल पंपाचा एक फ्लो असा असतो की तिथे पाणी इम्पेलरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाच्या, पात्यांत सरळ शिरतं आणि केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, सुरळीत बाहेर पडतं. याला बेस्ट एफिशियन्सी पॉइंट, आपल्या बोलीत बीईपी म्हणतात. एपीआय ६१० या पंपांच्या मानकात त्याच्या ७० ते १२० टक्क्यांचा पट्टा पंप चालवायला पसंतीचा मानला आहे. तुमचा पंप ३०० चा असेल आणि तुम्ही १८० वर चालवत असाल, तर तुम्ही ६० टक्क्यांवर आहात, पट्ट्याच्या बाहेर. तिथून पुढचं सगळं त्यातूनच येतं.

आता विजेचा हिशेब मांडू. तुम्ही गेजचे आकडे दिलेले नाहीत, म्हणून या आकाराच्या पंपाचा जसा कर्व्ह असतो तसे आकडे धरतो. तुम्ही तुमचे घाला. १८० घनमीटरला हा पंप साधारण ७० मीटर हेड देईल आणि त्याची कार्यक्षमता ७९ वरून ६६ टक्क्यांवर आलेली असेल. व्हॉल्व्हच्या पुढे लाइनला प्रत्यक्षात लागतं ३८ मीटर: १४ मीटर टॉवरवर चढवायला आणि २४ मीटर घर्षणाचं. उरलेले ३२ मीटर, म्हणजे तीन बारहून जास्त दाब, तो व्हॉल्व्ह खातो. पाण्यासाठी सूत्र सोपं आहे: ताशी घनमीटर गुणिले मीटर भागिले ३६७ म्हणजे किलोवॉट. १८० गुणिले ७० भागिले ३६७, झाले ३४.३. त्याला ०.६६ ने भागलं की शाफ्टवर ५२ किलोवॉट आणि मोटरच्या तारांत ५६. लाइनला खरं काम हवं होतं १८० गुणिले ३८ भागिले ३६७, म्हणजे १८.६ किलोवॉट. छप्पन्न घालून साडेअठरा हातात येतात, जेमतेम एक-तृतीयांश.

तुमचाच कारखाना असा आहे असं समजू नका. फिनलंडच्या तांत्रिक संशोधन केंद्राने २० कारखान्यांतले १६९० पंप तपासले होते. सरासरी कार्यक्षमता ४० टक्क्यांच्याही खाली निघाली. कारण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. प्रक्रियावाला फ्लोमध्ये थोडं राखीव धरतो, पाइपिंगवाला हेडमध्ये धरतो, खरेदीवाला त्यावरचा मोठा पंप घेतो आणि शेवटी ऑपरेटर व्हॉल्व्ह दाबून सगळ्यांचं राखीव जाळत बसतो.

हे आकडे तुम्ही एका सकाळी काढू शकता. सक्शनला एक, पंपाच्या तोंडाशी एक आणि व्हॉल्व्हच्या पुढे एक, असे तीन तपासून आणलेले गेज लावा. जुने गेज वापरू नका. पंप बंद असतानाही दोन किलो दाखवणारे गेज मी कितीतरी पाहिले आहेत. फ्लोसाठी बाहेरून चिकटवायचा अल्ट्रासोनिक मीटर चालेल, फक्त सरळ पाइपवर लावा आणि पाइपची जाडी त्यात नीट भरा. मोटरची पॉवर क्लॅम्प मीटरच्या अँपिअरवरून काढू नका. कमी लोडवर पॉवर फॅक्टर पडतो, अँपिअर तितके उतरत नाहीत आणि हिशेब फसतो. किलोवॉट दाखवणारा मीटर लावा.

सील का जातो, ते आता सांगतो. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण सील कंपन्या बदलण्यात लोकांची वर्षं जातात.

तुमच्या पंपाचं केसिंग बहुधा एकेरी व्होल्यूटचं, म्हणजे गोगलगायीसारख्या एकाच वाटेचं, आहे. बीईपीवर इम्पेलरभोवतीचा दाब सगळीकडून जवळपास सारखा असतो. फ्लो कमी केला की एका बाजूचा दाब वाढतो आणि इम्पेलर दुसऱ्या बाजूला रेटला जातो. हा रेटा एकाच दिशेने असतो, शाफ्ट मात्र फिरतो. म्हणजे शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला एकदा इकडून आणि एकदा तिकडून वाकतो. १४८० फेऱ्यांनी दिवसात हे २१ लाखांहून जास्त वेळा होतं. सीलच्या दोन फेसमधला, म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या दोन चकत्यांमधला, पाण्याचा थर मायक्रॉनमध्ये मोजावा लागतो. एपीआय ६१० शाफ्टला सीलपाशी फार तर ०.०५ मिलिमीटर वाकू देतं. तुमच्याकडे शाफ्ट किती वाकतो ते पंपाच्या ओव्हरहँगवर, म्हणजे बेअरिंगच्या पुढे शाफ्ट किती बाहेर आहे त्यावर, आणि शाफ्टच्या जाडीवर ठरेल. वाकणं लांबीच्या घनाने वाढतं आणि व्यासाच्या चौथ्या घाताने घटतं, म्हणून लांब-बारीक शाफ्टच्या पंपाला दाबलेला व्हॉल्व्ह सर्वांत जास्त नडतो. बेअरिंगचं गणितही याच रेट्याशी बांधलेलं आहे. बॉल बेअरिंगचं आयुष्य लोडच्या घनाच्या उलट प्रमाणात असतं: लोड २५ टक्क्यांनी वाढला की आयुष्य निम्मं.

यातलं काहीही माझ्या शब्दावर मान्य करू नका. पुढच्या वेळी पंप उघडाल तेव्हा निघालेला सील भंगारात टाकायच्या आधी टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवा आणि उजेडात निरखा. स्थिर फेसवर उमटलेला पट्टा फिरत्या अरुंद फेसपेक्षा रुंद दिसला, तर शाफ्ट डोलत होता: वाकलेला, अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत असणं) बिघडलेलं किंवा बेअरिंग ढिलं. फेसवर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक भेगा दिसल्या तर तो कोरडा चालला आहे, पाणी पोहोचलंच नाही. कडांचे टवके उडालेले असतील तर फेसमध्ये वाफ होऊन ते आपटत होते. स्लीव्हवर, म्हणजे शाफ्टवर चढवलेल्या नळीवर, ओ-रिंगच्या जागी बोटाच्या नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर सील सतत पुढे-मागे घासत होता. तुमच्याकडे टॉवरचं पाणी आहे, त्यात गाळ असणारच. डिस्चार्जमधून सीलला पाणी देणारी नळी, म्हणजे प्लॅन ११, असेल तर तिचा ऑरिफिस, म्हणजे बारीक भोकाची चकती, काढून आरपार बघा. बुजलेल्या ऑरिफिसमागे उभा केलेला महागडा सील स्वस्त सीलइतकेच दिवस टिकतो.

मग इम्पेलर. त्याच्या तोंडाकडून पाहताना पात्याची जी बाजू समोर दिसते, तिथे शिरण्याच्या कडेजवळ मध-पोळ्यासारखे खड्डे असतील तर ते सक्शनला दाब अपुरा पडल्याचं, नेहमीच्या कॅव्हिटेशनचं (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याचं) लक्षण. पण दंतवैद्य वापरतो तसा छोटा आरसा आत घाला आणि पात्याची मागची, डोळ्यांना न दिसणारी बाजू पाहा. खड्डे तिथे असतील तर पाणी इम्पेलरच्या तोंडातून उलट फिरत होतं, म्हणजे रिसर्क्युलेशन, म्हणजे फार कमी फ्लो. तुमच्या पंपात मला खड्डे मागच्या बाजूला सापडतील असं वाटतं.

पंप न उघडताही याची एक चाचणी आहे. आत खडी फिरल्यासारखा आवाज येतोय का ते ऐका. येत असेल तर डिस्चार्ज व्हॉल्व्ह थोडा-थोडा उघडा, मोटरचा लोड बघत. आवाज कमी झाला तर रिसर्क्युलेशन. वाढला तर सक्शन कमी पडतंय. आवाज अनियमित असेल आणि प्रेशर गेजचा काटा मधूनच पडत असेल तर हवा शिरतेय. टॉवरच्या हौदात सक्शनच्या तोंडावर भोवरा पडतो का, तो जाऊन बघा.

सक्शन अपुरं निघालं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कर्व्हवर लिहिलेला एनपीएसएच, म्हणजे पंपाला सक्शनला लागणारा दाब, हा पंपाचं हेड ३ टक्क्यांनी पडतं तेव्हाचा आकडा असतो. म्हणजे त्या आकड्यावर पंप आधीच कॅव्हिटेट करतोय. काठावर बरोबरी झाली म्हणून निर्धास्त राहू नका, मोकळी फरकाची जागा ठेवा. पाणी गरम असेल तर हिशेब झपाट्याने बदलतो: ३५ अंशांना बाष्पदाब अर्ध्या मीटरच्या थोडा वर असतो, ८० अंशांना तो पाच मीटरच्या आसपास जातो. आणि स्ट्रेनर. सक्शन स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना गेज नसेल तर तो तुंबल्याचं कळायला पंपालाच ओरडावं लागतं.

सक्शनच्या पाइपाबद्दल थोडंच सांगतो. पंपाच्या तोंडाआधी पाइपच्या व्यासाच्या निदान पाचपट सरळ लांबी, जमल्यास दहापट. आडव्या लाइनमध्ये रिड्यूसर (पाइपचा व्यास कमी करणारा तुकडा) एक्सेंट्रिक, म्हणजे एका बाजूने सपाट, आणि त्याची सपाट बाजू वर, नाहीतर वरच्या खोबणीत हवा साचते. पाइप लहान करून पैसे वाचवायची जागा सक्शन ही कधीच नाही.

अलाइनमेंट तुम्ही करता असं लिहिलंत, लेझरनेच. चांगलंच आहे. पण एका कारखान्यात मी एका पंपाचं अलाइनमेंट चार महिन्यांत पाच वेळा केलं, दरवेळी आकडे सुंदर आणि दरवेळी कपलिंग खायचं. सहाव्या वेळी एका जुन्या फिटरने मला थांबवलं आणि डिस्चार्ज फ्लँजचे बोल्ट सोडायला लावले. शेवटचा बोल्ट सुटला तसा पाइप बाजूला सरकला, दोन फ्लँजमध्ये बोट जाईल इतका. आम्ही पाच वेळा वाकवलेल्या पंपाला अलाइन करत होतो. तेव्हापासून माझा नियम आहे: कपलिंगवर दोन डायल लावायचे, एक आडवा, एक उभा, आणि फ्लँजचे बोल्ट एकेक करून सोडायचे. काटा ०.०५ मिलिमीटरहून जास्त हलला तर आधी पाइपाचे सपोर्ट दुरुस्त करायचे, मग लेझर बाहेर काढायचा. मोटरच्या पायांनाही हेच: एका वेळी एक बोल्ट सोडा, पाय ०.०५ हून जास्त उचलला तर शिम, म्हणजे पायाखालची पातळ पट्टी, चुकलेली आहे. बेसप्लेटवर हातोडीने हलके ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे ग्राऊट, म्हणजे बेसप्लेटखालचा भराव, सुटलं आहे.

बेअरिंगचं तेल कधी दुधाळ दिसलं का, हेही तपासा. टॉवरजवळच्या पंपांच्या बेअरिंग हाउसिंगमध्ये पाणी शिरतं, बहुतेक वेळा झिजलेल्या लिप सीलमधून किंवा साफसफाईच्या होजमधून. लॅबिरिंथ प्रकारचे आयसोलेटर लावले की हा त्रास संपतो. तेलाची पातळी सगळ्यांत खालच्या बॉलच्या मध्यापर्यंत असू द्या. जास्त तेल घातलं की बेअरिंग ते घुसळत बसतं आणि तापतं.

उघडलेला पंप वेअर रिंगची, म्हणजे इम्पेलर आणि केसिंगमधल्या झिजणाऱ्या कड्यांची, फट मोजल्याशिवाय परत जोडू नका. नव्या फटीच्या दुप्पट झाली की बदला. त्या फटीतून डिस्चार्जचं पाणी परत सक्शनला गळतं, म्हणजे उपसलेलंच पाणी पुन्हा उपसायचं. शिवाय अरुंद फटीतला पाण्याचा थर इम्पेलरला आतून आधार देतो, फट वाढली की तो आधार जातो आणि व्हायब्रेशन वाढतं. केसिंगला आतून गुळगुळीत कोटिंग करावं का, असं कुणी सुचवेल. फायदा होतो, पण तो या सगळ्यानंतरचा आहे.

आता मूळ उपाय. व्हॉल्व्ह सरळ पूर्ण उघडला तर काय होईल? माझ्या धरलेल्या आकड्यांवर पंप २६० घनमीटरला जाईल, बीईपीच्या ८७ टक्क्यांवर. सीलला बरं वाटेल. पण शाफ्टवरचा लोड ५२ वरून ५८ किलोवॉटच्या आसपास जाईल, आणि नको असलेलं पाणी फिरत राहील. परीक्षा म्हणून काही दिवस जरूर करा. व्हायब्रेशन आधी आणि नंतर मोजा. फरक पडला तर दुखणं कुठलं हे सगळ्यांना आकड्यांत दिसेल. कायमचा उपाय म्हणून मात्र हे करू नका.

इम्पेलर कापणं, म्हणजे त्याचा व्यास घटवणं, हा स्वस्त आणि फार चांगला उपाय आहे, पण तुमच्यासाठी तो पुरणार नाही. १८० घनमीटर आणि ३८ मीटरला पोहोचायला वेग किंवा व्यास ७६ टक्क्यांवर आणावा लागतो. व्यास इतका कमी केला की इम्पेलर आणि व्होल्यूटमध्ये मोठी पोकळी राहते आणि कार्यक्षमता ढासळते. कर्व्हवर उत्पादकाने छापलेला किमान व्यास बघा, त्याखाली जाऊ नका. सहा पोलची मोटर लावून ९८० फेऱ्यांवर चालवावं तर ते फारच खाली जातं, १८० घनमीटरला जेमतेम २७ मीटर मिळतील.

म्हणून दोन मार्ग उरतात. वर्षभर मागणी १८० च्या आसपासच असेल, तर १८० आणि ३८ साठीच निवडलेला लहान पंप घ्या. ड्राइव्हमध्ये वाया जाणारी वीजही नाही, देखभालही सोपी. मागणी ऋतूप्रमाणे किंवा उत्पादनाप्रमाणे बदलत असेल तर व्हीएफडी. ११२५ फेऱ्यांवर, म्हणजे ३८ हर्ट्झला, तुमचा पंप नेमका १८० आणि ३८ देईल. त्या वेगाला त्याचा बीईपी २२८ वर आलेला असतो, म्हणून १८० हा त्याच्या ७९ टक्के होतो. पंप पसंतीच्या पट्ट्यात परत आला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि सीलपाशी रेटाही उतरला. शाफ्टवर २५ किलोवॉट, मोटर आणि ड्राइव्हमध्ये वाया जाणारी वीज धरून २८. छप्पन्नाचे अठ्ठावीस. वर्षाला ८००० तास चालत असेल तर जवळपास सव्वादोन लाख युनिट.

व्हीएफडी विकणारा तुम्हाला घनाचा नियम दाखवेल: वेग ८० टक्के, पॉवर निम्मी. हा नियम फक्त घर्षणाच्या लाइनला लागू होतो. तुमच्याकडे १४ मीटर टॉवर चढायचा आहे. ६४० फेऱ्यांखाली हा पंप त्या उंचीवर पाणी नेऊच शकणार नाही. आतल्या आत घुसळत बसेल, पाणी तापेल आणि सील जळेल. ड्राइव्हमध्ये किमान वेग ९०० फेऱ्यांच्या आसपास बांधून टाका. कमिशनिंगच्या दिवशी वेग हळूहळू वाढवत, पन्नास-पन्नास फेऱ्यांवर थांबून व्हायब्रेशन लिहून घ्या. एखाद्या वेगाला बेसप्लेट किंवा पाइप गुंजायला लागला तर तो वेग ड्राइव्हमध्ये वगळा. वेग बदलणारे पंप याच एका गोष्टीमुळे नव्याने मोडताना मी पाहिले आहेत.

राहिली आयई-४ मोटर. सध्याची मोटर चालू स्थितीत असेल तर तिला हात लावायची घाई नको. मोटरच्या कार्यक्षमतेत एक-दोन टक्क्यांचा फरक पडेल, तिकडे व्हॉल्व्ह आणि चुकीच्या जागी चाललेला पंप तुमची निम्मी वीज नेतोय. शिवाय जास्त कार्यक्षम मोटरची स्लिप कमी असते, म्हणजे ती थोडी जास्त वेगाने फिरते. १४८० ची जागा १४८८ ने घेतली तर घनाच्या हिशेबाने पंप दीड टक्का जास्त पॉवर मागतो आणि मिळालेला फायदा तिथेच जातो. व्हीएफडीवर वेग तुम्ही ठरवत असल्याने ही अडचण येत नाही. मोटर जळालीच किंवा बदलायचीच ठरली, तर ७५ ची जागा ७५ नेच भरू नका. पण शाफ्टवर २५ किलोवॉट लागतात म्हणून ३० चीही घेऊ नका. ते २५ किलोवॉट ११२५ फेऱ्यांवर हवे आहेत, म्हणजे टॉर्क २१२ न्यूटन-मीटर. ३० किलोवॉटची १४८० ची मोटर १९४ च देते. ३७ किलोवॉटची २३९ देते, ती घ्या, आणि मग ड्राइव्हमध्ये कमाल वेगही बांधून टाका, कारण पूर्ण वेगाला हा पंप ५८ किलोवॉट मागेल.